ग्रंथाला ग्रंथाचे उत्तर

१

जालना एमआयडीसीच्या कामगार वस्तीत आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी पुस्तक वाचायला बसतो. कुणी सळ्यांच्या रोलिंग मिलमध्ये आहे, कुणी बियाण्यांच्या कंपनीत पोती भरतो, दोघे-तिघे कॉलेजात शिकतात, एक-दोन मास्तर आहेत. एक जण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात. ज्यांना वाचता येते तेही ऐकणेच पसंत करतात. बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाचे डोळे अक्षरावर ठरत नाहीत. कान मात्र जागे असतात.

काही वर्षांपूर्वीच्या एका बैठकीला दया पवारांचे 'बलुतं' घेतले होते. वाचन सुरू होऊन दहा मिनिटे झाली नसतील, तोच वस्तीतच जन्मलेल्या एका पोराने विचारले, "सर, बलुतं म्हंजे काय?" मी व्याख्या जुळवीत होतो. तेवढ्यात भट्टीवर काम करणारे एक वयस्क गृहस्थ बोलू लागले. सगळे त्यांना मामा म्हणतात. म्हणाले, "रास घरला गेल्यावर मग आमच्या बापाला हाक यायची. खळ्याच्या तळाचं मातेरं. माय ते तीनदा पाखडायची, तरी भाकरीत खडा लागायचाच." पोराने पुन्हा विचारले, "पण वर्षभर कामं केली ना? मग मातेरं का?" मामा काही बोलले नाहीत.

पुढच्या बैठकीला कॉलेजातला एक विद्यार्थी ग्रंथालयातून त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' घेऊन आला. १९१५ चा हा ग्रंथ. बलुतेदारीची माहिती हवी असेल तर मराठीचे प्राध्यापक आजही तोच ग्रंथ हाती देतात. त्या दिवशी सतरंजीवर दोन पुस्तके शेजारी शेजारी होती : १९१५ चे 'गावगाडा' आणि १९७८ चे 'बलुतं'. त्यांच्या मधोमध मामांचे मातेरे होते, जे या दोहोंच्याही बाहेरून आले होते.

या लेखाचा प्रश्न तेथून निघाला आहे. एका ग्रंथाचे दुसऱ्या ग्रंथाशी नाते काय असते? आणि त्या नात्यात वाचणाऱ्या, ऐकणाऱ्या माणसाचे स्थान कोणते? प्रश्न वरकरणी समीक्षाशास्त्राचा वाटेल. पण ज्या समाजाला हजारो वर्षे ग्रंथाजवळ येऊ दिले नाही, त्याच्या दृष्टीने हा इतिहासाचाच प्रश्न आहे.

२

प्रस्थापित मराठी समीक्षेने या प्रश्नाचे उत्तर 'परंपरा' आणि 'प्रभाव' या दोन शब्दांत दिले. अमक्यावर तमक्याचा प्रभाव, अमक्याचा वारसा तमक्याकडे, अमका संप्रदाय तमक्यापासून निघाला. वाङ्मयेतिहासाची पुस्तके चाळली तर ती वंशावळीसारखी दिसतात. बाप, मुलगा, नातू. ज्या समाजात माणसाची किंमत त्याच्या कुळावरून ठरते, त्या समाजाने पुस्तकाचीही किंमत कुळावरून ठरवावी, यात नवल ते काय?

म्हणूनच दलित साहित्य अवतरले तेव्हा त्याला पहिला प्रश्न विचारला गेला तो कुळाचाच. तुमची परंपरा कोणती? परंपरा दाखवता येत नाही म्हटल्यावर दुसरा आरोप आला : हे अमेरिकेतल्या काळ्या लेखकांचे अनुकरण आहे. म्हणजे एक तर तुम्ही निपुत्रिकाचे धन आहात, नाही तर उसनवारी. तिसरे नाते असू शकते, हे कुणाच्या मनातच आले नाही. ते तिसरे नाते म्हणजे सवाल-जवाबाचे.

गंमत अशी की, ज्या वर्षांत आपल्याकडे ही वादावादी चालू होती, त्याच वर्षांत युरोपात वंशावळीची ही कल्पना मोडीत निघत होती. १९६७ साली ज्युलिया क्रिस्तेव्हा यांनी रशियन विचारवंत बाख्तिन यांच्यावर लिहिताना असे मांडले की, प्रत्येक संहिता इतर संहितांच्या धाग्यांनी विणलेली असते. त्याच वर्षी रोलाँ बार्थ यांनी लेखकाला सिंहासनावरून खाली उतरवले आणि अर्थाची जागा वाचकापाशी आहे असे सांगितले. आणि त्याच वर्षी जर्मनीत कॉन्स्टान्झ येथे हान्स रॉबर्ट याउस यांनी वाङ्मयाचा इतिहास हा वाचकांच्या स्वीकाराचाही इतिहास असला पाहिजे, असा आग्रह धरला. १९६७-६८ मध्येच औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) प्रथम 'अस्मिता' आणि मग 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली निघू लागले. कुणी कुणाचे अनुकरण केले नव्हते. औरंगाबादच्या मुलांना पॅरिसची खबर नव्हती आणि पॅरिसला औरंगाबादची असण्याचे कारणच नव्हते.

या युरोपीय विचारवंतांचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्यांचा वाचक आधीच ग्रंथालयात जाऊन बसलेला आहे. त्याला दारात कुणी अडवलेले नाही. आपल्याकडे वाचक हा गृहीत धरता येत नाही. तो घडवावा लागला, आणि त्याने स्वतःलाही घडवले. शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात तापलेले शिसे ओतावे, असे गौतम धर्मसूत्र सांगते. ग्रंथ आणि श्रोता यांच्या नात्याचा याहून उघडानागडा सिद्धान्त जगात दुसरा सापडणार नाही. आपला वाङ्मयेतिहास लिहायचा तर त्याची सुरुवात या कानापासून करावी लागेल.

३

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. समर्थ रामदासांचा जन्म येथे १६०८ साली झाला. त्यांच्या 'दासबोधा'त लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास आहे. अक्षर कसे वळवावे, ओळी कशा राखाव्यात, शाई, कागद, बांधणी कशी असावी, पोथी जपून कशी ठेवावी, हे सारे त्यात कारागिराच्या काळजीने सांगितले आहे. ग्रंथ टिकावा, पुढच्यांच्या हाती जावा, ही तळमळ खरी आहे. पण त्या समासाची सुरुवात ब्राह्मणाला उद्देशून होते. सुंदर अक्षर त्याने काढायचे. आमच्याच जिल्ह्यातल्या भूमिपुत्राने पोथीची इतकी निगुतीने व्यवस्था लावली. पण त्या व्यवस्थेत जांबच्या महारवाड्यातल्या हाताला लेखणी नव्हती.

लेखणी नव्हती, पण वाणी होती. चोखामेळ्याचे अभंग आजवर आले. परंपरा सांगते की, ते अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले. अभंग चोखोबांचे, लेखणी दुसऱ्याची. या एका गोष्टीत आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातले केवढे तरी दुःख साठले आहे. आपल्या कवितेचे शब्द कागदावर कसे उतरले, हे पाहण्याची सोय ज्याला नाही अशा कवीला आपण संतकवी म्हणतो आणि पुढे जातो.

चोखोबांच्या अभंगांत 'जोहार' हा शब्द येतो. गावच्या महाराने पाटला-कुलकर्ण्याला घालायचा तो मुजरा. चोखोबांनी तो देवाला घातला. गावकीची भाषा त्यांनी भक्तीत नेली आणि भक्तीतही आपली जात सांगितली, लपवली नाही. त्यांच्याच घरात सोयराबाई आणि कर्ममेळा यांनी अभंग रचले, आणि त्यांत बापाच्या समजूतदारपणाला पोराने विचारलेले तिखट प्रश्न आहेत. म्हणजे चोखोबांना पहिले उत्तर मिळाले ते घरातूनच. पुढे सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडे रचली. त्यांत महार बोलतो, जोहार घालतो आणि ज्ञान सांगतो. नाथांचा उदारपणा नाकारण्याचे कारण नाही. पण तेथे महार हे पात्र आहे. त्याचे सोंग घेणारा दुसराच आहे.

मग विसावे शतक आले. आंबेडकरी चळवळीने 'जोहार' हा शब्दच टाकला आणि 'जय भीम' म्हटले. एक मुजरा, तीन वाचने. चोखोबांनी तो देवाकडे वळवला, नाथांनी त्यातून तत्त्वज्ञान सांगितले, आणि ज्यांच्या पाठीवर तो लादला होता त्यांनी तो खाली टाकला. यात प्रभाव कुणाचा आणि वारसा कुणाचा? बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. मुजरा टाकणाऱ्यानेच मुजरा घालणाऱ्याला ग्रंथ वाहिला. चोखोबांचा पराभव त्यांना मान्य नव्हता, पण चोखोबा त्यांना परके नव्हते. अर्पणपत्रिका हीसुद्धा वाचनाची एक रीत असते.

४

ग्रंथाला ग्रंथाने उत्तर देण्याची रीत जोतीराव फुल्यांनी रूढ केली. 'गुलामगिरी' (१८७३) जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादात लिहिलेली आहे. त्यात पुराणे फेकून दिलेली नाहीत. तीच पुराणे, तेच अवतार घेतले आहेत आणि वाचन उलटे केले आहे. पुराणकर्त्याने ज्याला राक्षस म्हटले तो आपला राजा बळी ठरतो, आणि ज्याला देव म्हटले तो आक्रमक. एका अक्षराचाही फेरफार न करता वाचक बदलला की ग्रंथाचा न्याय बदलतो, हे फुल्यांनी दाखवून दिले. आणि हा ग्रंथ त्यांनी अर्पण केला तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना. काळ्यांच्या साहित्याची उसनवारी केल्याचा आरोप करणाऱ्यांनी १८७३ सालची ही अर्पणपत्रिका वाचली असती, तर निदान उसनवारीचे वर्ष तरी बरोबर लिहिले असते!

पण 'गुलामगिरी'च्याही अठरा वर्षे आधी, १८५५ साली, मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदया'त छापून आला. ती फुल्यांच्या शाळेत शिकत होती. वाचायला शिकल्यावर तिने पहिले काम केले ते धर्मग्रंथांना प्रश्न विचारण्याचे : ज्या धर्मात एकालाच अधिकार आहे आणि बाकीचे वंचित आहेत, तो आमचा कसा? दलित साहित्याचा आरंभ १९६० नंतर शोधणाऱ्यांनी या मुलीकडे पाहावे. ती वाचक झाली आणि त्याच क्षणी लेखिका झाली. हे आपल्या इतिहासात पुन्हा पुन्हा घडते.

बाबासाहेबांनी हे नाते आणखी पुढे नेले. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायका'च्या शिरोभागी तुकारामांचा अभंग होता. ३ एप्रिल १९२७ ला सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारता'च्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या. ज्या ज्ञानेश्वरीची देवळात पारायणे होत होती, तीच ओवी देवळाबाहेर ठेवलेल्या माणसाच्या वृत्तपत्रावर आली आणि तिला वेगळाच सूर चढला. युद्धाला उभे राहण्याचा उपदेश अर्जुनाला होता. तो आता अस्पृश्यांच्या कानी पडू लागला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. एकाच वर्षात एक ग्रंथ माथ्यावर घेतला आणि दुसरा आगीत टाकला. यात विसंगती पाहणारे पुष्कळ आहेत. मला त्यात वाचकाचा विवेक दिसतो. जो वाचतो तोच निवडू शकतो, आणि जाळायचे काय हेही त्यालाच ठरवता येते. मनुस्मृती न वाचता पुजणारे कोट्यवधी होते. ती जाळणाऱ्यांनी मात्र वाचली होती.

साठ वर्षांनी फासा उलटा पडला. शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून बाबासाहेबांचे समग्र लेखन प्रकाशित करायला घेतले. १९८७ मध्ये चौथा खंड, 'रिडल्स इन हिंदुइझम', निघाला. राम-कृष्णांवरील परिशिष्टावरून काहूर उठले, ते काढून टाका अशी मागणी झाली. उत्तरादाखल ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत दलित जनतेचा प्रचंड मोर्चा निघाला. अखेर मजकूर राहिला. या मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशा आशयाची टीप त्याला जोडली गेली. त्या मोर्चातल्या हजारो बायाबापड्यांनी तो इंग्रजी खंड वाचलेला नव्हता, असे तेव्हा कुत्सितपणे बोलले गेले. खरे आहे. पण तो वाचण्याचा आपल्या लेकरांचा हक्क जाऊ नये, एवढे त्यांना पुरते कळत होते. न वाचता ग्रंथ जाळणे आणि न वाचलेला ग्रंथ राखणे, या दोन गोष्टी एका तागडीत घालता येत नाहीत.

५

मराठवाड्यात हा वाचक उशिरा आला. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. खेड्यातल्या महार-मांगाच्या पोराला मराठी शाळाच दुर्मीळ, मग मराठी ग्रंथ कुठून? १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. जालना हे मनमाड-सिकंदराबाद रेल्वेवरचे स्टेशन, औरंगाबादपासून सुमारे साठ किलोमीटर. या भागातली कितीतरी पोरे एक पत्र्याची पेटी घेऊन त्या गाडीने मिलिंदला गेली.

'मिलिंद' हे नावसुद्धा एका ग्रंथाचा धागा आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तरे देतो. राजा हरतो, पण हरण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. त्यातला रथाचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय? चाक? आस? जू? यांपैकी एकही रथ नाही आणि यांच्यावेगळाही रथ नाही. सगळे जुळून आले म्हणजे त्याला रथ म्हणायचे. ग्रंथाचेही असेच आहे. कागद म्हणजे ग्रंथ नव्हे, लेखक म्हणजे ग्रंथ नव्हे, आधीच्या ग्रंथांतून आलेले शब्द म्हणजे ग्रंथ नव्हे, आणि वाचकही एकटा ग्रंथ नव्हे. हे जुळून आले म्हणजे ग्रंथ चालू लागतो. युरोपात १९६७ मध्ये जे सांगितले गेले, त्याची समजूत घालायला आपल्याजवळ हा दृष्टान्त होता. आपण तो धर्मचर्चेपुरता ठेवला.

मिलिंदच्या आवारात हे जुळून आले. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तेथल्या काळ्या लेखकांविषयी बोलू लागले. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन नीग्रो साहित्य आणि संस्कृतीवरचा ग्रंथ १९७८ मध्ये मराठीत आणला. १८७३ मध्ये फुल्यांनी समुद्रापार पाठवलेल्या अर्पणपत्रिकेला आणि १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉय यांना लिहिलेल्या पत्राला जणू येथे पोच मिळत होती. मिलिंदमध्ये शिकलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ मध्ये पुस्तकरूपाने आले. 'अस्मितादर्श'ने जे मेळावे भरवले त्यांचे नाव 'लेखक-वाचक मेळावा' असे होते. साहित्य संमेलन म्हटले की लेखक मांडवात उंचावर आणि वाचक खाली सतरंजीवर. येथे नावातच वाचकाला लेखकाशेजारी बसवले होते. पुष्कळ वाचक त्या मेळाव्यांतून लेखक होऊनच परतले.

हे केवळ छापील ग्रंथांपुरते पाहून चालणार नाही. सत्यशोधक आणि पुढे आंबेडकरी जलशांनी तमाशाचा जुना साचा घेतला आणि त्यात नवा आशय भरला. सवाल-जवाबाची चाल तीच, सवाल नवे. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्या गाण्यांनी जे ऐकवले, ते ऐकूनच मराठवाड्यातल्या कितीतरी आयांनी पोरांच्या हाती पाटी दिली. ऐकणारा आणि वाचणारा यांत आपण जी भिंत घालतो, ती आपल्या इतिहासात नव्हती.

६

आता पुन्हा त्या सतरंजीवरच्या दोन पुस्तकांकडे येतो.

'गावगाडा' लिहिणारे आत्रे अभ्यासू होते. गावात कोण कुणाकडून काय घेतो, याचा त्यांनी बारकाईने हिशेब मांडला. पण हा हिशेब मांडताना ते कुणब्याच्या खळ्यावर उभे होते. तेथून पाहिले म्हणजे बलुतेदार हा मागणारा दिसतो. किती जण मागायला येतात आणि कुणब्याच्या पदरात काय उरते, हा त्यांच्या चिंतेचा विषय. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच हिशेबाची दुसरी बाजू घेऊन : राबणूक किती आणि मोबदला किती. आणि १९७८ मध्ये दया पवारांनी त्याच खळ्यावर, पण मागणाऱ्याच्या जागी उभे राहून लिहिले. त्यांनी नाव दिले 'बलुतं'. गावाने दिलेल्या मातेऱ्याचे नाव त्यांनी आपल्या आयुष्याला दिले. पुस्तकाची मांडणीही संवादाची : शिकून शहाणा झालेला दया पवार आणि त्याच्याच आत जिवंत असलेला दगडू मारुती पवार. एक ऐकतो, एक सांगतो. मिलिंद-नागसेन, जोतीराव-धोंडीबा, जलशातले सवाल-जवाब आणि दगडू : रचनेचे हे साम्य अनुकरणातून आलेले नाही. ज्यांना कुणी विचारले नाही ते बोलू लागले म्हणजे आधी एकमेकांना विचारतात.

'बलुतं'ला दोन वाचक भेटले. पांढरपेशा वाचक हळहळला. त्याला हे जग ठाऊकच नव्हते. काहींनी हळहळून पुस्तक कपाटात ठेवले आणि तेथे विषय संपला. दुसरा वाचक आपल्या वस्तीतला. त्यातले पुष्कळ जण चिडले. जे विसरायचे ते चव्हाट्यावर का आणले? नोकरीत, शेजारात आपली पोरे आता मान वर करून वावरतात, त्यांच्यापुढे हे मातेरे का ठेवले? हा राग मला त्या हळहळीपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो, कारण या वाचकाचे त्यात काही पणाला लागले होते. आणि त्याच वर्षी २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, तेव्हा मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली. ते नाव पाटीवर यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. एका नावाचे वाचन माणसे किती वेगवेगळ्या तऱ्हांनी करतात, याचा धडा या मुलखाने सोळा वर्षे गिरवला.

मात्र 'बलुतं'ला खरे उत्तर दिले ते बायांनी. कुमुद पावडे यांनी 'अंतःस्फोट' (१९८१) मध्ये आपण संस्कृत कसे शिकलो ते सांगितले. ज्या भाषेने कानात शिसे ओतायला सांगितले, ती भाषा शिकवण्यासाठी एक दलित स्त्री वर्गात उभी राहिली. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये गावकीचे दुःख सांगितले, तसेच आपल्याच घरातल्या पुरुषांनी बाईवर केलेला जुलूमही सांगितला. फलटणला त्यांचे छोटे दुकान होते. पुड्या बांधण्यासाठी आणलेले रद्दी कागद त्या वाचीत असत. आपले लिखाण त्यांनी कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. वाचकाचा इतिहास लिहिणाऱ्याने पुडीच्या या कागदाला ग्रंथालयाइतकेच स्थान दिले पाहिजे. पुरुषांच्या आत्मकथनांत आई राबते, सोसते आणि गप्प असते. बेबीताईंच्या पुस्तकात ती बोलते.

७

जालना एमआयडीसीत देशाविदेशातून भंगार येते. ते भट्टीत वितळते आणि त्याच्या सळ्या होतात. आमच्यातला एक जण एकदा म्हणाला, "पुस्तकाचं बी असंच दिसतंय. जुनं वितळून नवं." मामांना ते पटले नाही. ते म्हणाले, "भंगारात आधी काय व्हतं ते सळीला ठाव नसतं. माणसाला असतं." मी वर एवढी पाने लिहून जे सांगू पाहतो आहे, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले.

प्रभाव म्हणा, संहितांची वीण म्हणा, ही आपोआप घडणारी क्रिया नव्हे. चोखोबांचा जोहार कुणीतरी आठवला म्हणून टाकता आला. 'गावगाडा' कुणीतरी वाचला म्हणून 'बलुतं' त्याला उत्तर ठरले. हा दुवा वाचक आहे, आणि आज चिंता त्याचीच आहे. बाबासाहेबांचे खंड वस्तीतल्या विहारात काचेच्या कपाटात आहेत. किल्ली कुणाकडे आहे हे पुष्कळदा कुणालाच माहीत नसते. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटसमोर पुस्तकांची दुकाने लागतात, खरेदीही होते. त्याचा मला आनंद आहे. पण विकत घेतलेले पुस्तक हार घालून ठेवण्याची सवय आपल्यालाही लागली आहे. ज्या ग्रंथाला प्रश्न विचारला जात नाही त्याची पोथी होते, मग तो कुणाचाही असो. ठेकेदाराकडे बारा तास राबणाऱ्या पोराला वाचायला वेळ नाही, हाही वाङ्मयाचाच प्रश्न आहे. वाचनाची बंदी पूर्वी धर्मसूत्राने घातली होती. आज हजेरीपत्रक घालते.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझी विनंती साधी आहे. एक पुस्तक एकटे वाचू नका. 'गावगाडा' आणि 'बलुतं' एकत्र वाचा. एकनाथांचे भारूड आणि चोखोबांचा अभंग एकत्र वाचा. 'बलुतं' आणि 'जिणं आमुचं' एकत्र वाचा. मोठ्याने वाचा, म्हणजे ज्याचे डोळे थकले आहेत तोही सामील होईल. आणि वाचन थांबवून कुणी म्हातारा काही सांगू लागला तर त्याला विषयांतर म्हणून गप्प करू नका.

आमच्या बैठकीत त्या विद्यार्थ्याने मामांचे शब्द वहीत उतरवून घेतले आणि त्यांना वाचून दाखवले. मामांनी एक दुरुस्ती सुचवली. म्हणाले, "तीनदा नाही, चारदा पाखडायची. चौथ्यांदा रडत रडत." त्याने खोडून तसे लिहिले. 'मातेरं का?' या त्या पोराच्या प्रश्नाखाली त्याने वहीत जागा कोरी सोडली आहे.